लेप पक्का करणारे किरण

१९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. तिच्यामागचं रसायन प्रयोगशाळांतून आलं होतं. जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना त्याबद्दल २०१९ चं नोबेल मिळालं. पण धातूच्या पातळ फॉइलवर काळ्या लगद्याचा एकसारखा थर चढवायचा, तो वाळवायचा आणि न चिरता गुंडाळायचा, हे कसब सोनीकडे कॅसेटच्या धंद्यातून आलं. चुंबकीय फीत म्हणजे तरी काय? प्लास्टिकची पातळ पट्टी, तिच्यावर लोह-ऑक्साइडची पूड, पूड धरून ठेवणारा बाइंडर आणि मागाहून उडून जाणारं द्रावक. सीडी आली, कॅसेट मागे पडू लागली आणि लेपाचं ते तंत्र बॅटरीच्या कामी आलं.

बॅटरी-सेलचा कारखाना हा आधी लेपाचा कारखाना असतो. या पुस्तकाची पुढची सगळी पानं या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती सुरुवातीलाच सांगून टाकतो. विषय आहे तो या लेपाला उष्णतेऐवजी किरणांनी पक्कं करण्याचा: अतिनील म्हणजे यूव्ही प्रकाशाने किंवा इलेक्ट्रॉनच्या झोताने, ज्याला कारखान्यात ईबी म्हणतात. आणि वाचक डोळ्यांसमोर आहेत ते पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, महाळुंगे, निघोजे इथे काम करणारे: डिप्लोमा झालेली मुलंमुली, पेंट शॉपचे सुपरवायझर, पावडर कोटिंगचे छोटे मालक, टेस्टिंगमधली माणसं. या पट्ट्याला लेप कळतो. टाटा मोटर्स, बजाज, महिंद्रा यांच्या पेंट शॉपमधून गेलेल्या गाड्यांच्या मागे साठ वर्षांचा अनुभव आहे. भोसरीतल्या जॉबवर्कवाल्याला विचारा. पावडर भाजायला ओव्हन किती तापवायचा, कडेला थर का जाड होतो, गॅसचं बिल महिन्याच्या हिशेबात कुठे बसतं, हे तो न अडखळता सांगेल.

बॅटरीही इथे नवी नाही. एक्साइड म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने आपला दुसरा कारखाना १९६९ मध्ये चिंचवडला काढला. पहिला बंगालमध्ये श्यामनगरला होता. चिंचवडला शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या बनत आल्या. शिशाच्या जाळीत लेड ऑक्साइडची पेस्ट दाबून भरायची, दमट उष्ण खोलीत ती मुरू द्यायची, मग सेपरेटर घालून प्लेटांची चळत लावायची. म्हणजे इलेक्ट्रोड आणि सेपरेटर या दोन गोष्टी पिंपरी-चिंचवडच्या कामगारांच्या हातांना तीन पिढ्यांपासून ठाऊक आहेत.

लिथियमची गोष्ट मात्र वेगळी झाली. १९७२ मध्ये आकुर्डीतून चेतक स्कूटर बाहेर पडली. २०१९ मध्ये तेच नाव विजेवरच्या स्कूटरला मिळालं आणि २०२२ पासून तिचा कारखानाही आकुर्डीतच आहे. महिंद्राच्या विजेवरच्या नव्या मोटारी चाकणला बनतात, त्यांच्या बॅटरी पॅकची जुळणीही तिथेच होते. टाटा ऑटोकॉम्पने चीनच्या गोशनबरोबर पॅकचं काम इकडेच मांडलं. पण या सगळ्या ठिकाणी बनतो तो पॅक. सेल बाहेरून येतात, बहुतेक चीनमधून. सेल तपासायचे, मोड्यूलमध्ये बसवायचे, बसबार वेल्ड करायचे, वायरिंग आणि बॅटरीवर नियंत्रण ठेवणारं बीएमएस जोडायचं, थंड ठेवण्याची सोय करायची. हे कौशल्याचं काम आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. पण सेलच्या आतला लेप कोणी, कसा, कशाने वाळवला, यात इथल्या कुणाचा हात नसतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये प्रगत सेलसाठी १८,१०० कोटी रुपयांची आणि ५० गिगावॉट-तासांचं उद्दिष्ट असलेली प्रोत्साहन योजना आणली, तेव्हा मोठे कारखाने गुजरात, तामिळनाडू, कर्नाटकाकडे वळले. एक्साइडचाही लिथियम सेलचा कारखाना बंगळूरजवळ उभा राहिला. मला याचं वाईट वाटतं, आणि ते लपवण्याचं कारण दिसत नाही. मात्र कारखाना कुठे उभा राहील हे जमीन आणि सवलती ठरवतात, त्यातल्या लेपाचा अभ्यास कुणी करायचा हे त्या ठरवत नाहीत.

आता लेपाकडेच जाऊ. नेहमीच्या कॅथोडसाठी, म्हणजे धन इलेक्ट्रोडसाठी, लिथियमयुक्त ऑक्साइडची किंवा लोह-फॉस्फेटची पूड घेतात, वीज वाहण्यासाठी तिच्यात काजळीसारखा कार्बन मिसळतात आणि सगळं एकमेकांना व फॉइलला चिकटून राहावं म्हणून पीव्हीडीएफ नावाचा फ्लोरिनयुक्त पॉलिमर घालतात. पीव्हीडीएफ पाण्यात विरघळत नाही. तो विरघळवायला एनएमपी हे द्रावक लागतं. या मिश्रणाला स्लरी म्हणतात. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ती पसरवली की फॉइल ओव्हनमध्ये शिरते, आणि हा ओव्हन कित्येक मीटर लांबीचा असतो. एनएमपी उकळतं ते सुमारे २०२ अंश सेल्सिअसला. शिवाय ते हवेत सोडता येत नाही, पकडून, थंड करून, शुद्ध करून पुन्हा वापरावं लागतं. म्हणून ओव्हनच्या डोक्यावर द्रावक परत मिळवणारी आणखी एक अवजड यंत्रणा बसते. सेल बनवताना जी वीज जाते, तिचे दोन मोठे वाटेकरी आहेत. एक हे वाळवणं, दुसरी सेल बंद करण्यासाठी लागणारी कोरडी खोली. कोरड्या खोलीचा खर्च काय असतो, ते आषाढ-श्रावणात चाकणला लोखंडी पत्रा उघडा ठेवून पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

वाळवण्यात वेळही जातो, कारण घाई करता येत नाही. पापड कडक उन्हात भराभर वाळवला तर तो वळतो, कडेने तडकतो. तसंच इथे होतं. वरचा पृष्ठभाग आधी सुकतो, आतलं द्रावक वर येताना बाइंडरलाही सोबत घेऊन येतं. परिणामी वर बाइंडर जास्त आणि फॉइलजवळ कमी, म्हणजे जिथे पकड हवी तिथेच ती नाही. थर जितका जाड, तितकी ही अडचण मोठी. आणि गाडीला लांबचा पल्ला हवा असेल तर थर जाडच हवा, कारण जाड थरात तेवढ्याच फॉइलवर जास्त ऊर्जा मावते.

एनएमपीबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ते प्रजननक्षमतेला आणि गर्भाला अपायकारक मानलं जातं. युरोपने त्याच्या कामाच्या जागेवरच्या प्रमाणावर २०१८ मध्ये बंधन आणलं, ते मे २०२० पासून लागू झालं. आपल्या पट्ट्यात वायरिंग हार्नेस, इलेक्ट्रॉनिक्स आणि जुळणीच्या लाइनवर मोठ्या संख्येने तरुण मुली काम करतात. उद्या इथे कोटिंगची लाइन आली तर तिच्यावरही त्या असतील. द्रावक न वापरणाऱ्या पद्धतीचा विचार माझ्या दृष्टीने तिथून सुरू होतो, विजेच्या बिलाचा क्रम त्यानंतर.

किरणांनी लेप पक्का करण्याची कल्पना साधी आहे. पॉलिमर आधी बनवून मग तो द्रावकात विरघळवायचा आणि द्रावक उडवायचं, हा नेहमीचा द्राविडी प्राणायाम. त्याऐवजी छोटे, पातळ, प्रवाही रेणू घ्यायचे, बहुतेकदा ॲक्रिलेट जातीचे. त्यात पूड कालवायची, लेप चढवायचा, आणि मग त्या रेणूंना जागच्या जागी एकमेकांशी जोडून घ्यायचं. उडवून द्यायला काही उरतच नाही, निदान तत्त्वतः. यूव्हीच्या पद्धतीत लेपात फोटोइनिशिएटर नावाचं थोडं रसायन असतं; प्रकाश पडला की ते फुटतं, त्यातून मुक्त मूलक तयार होतात आणि साखळी सुरू होते. ईबीमध्ये त्याचीही गरज नसते. वेगवान इलेक्ट्रॉन स्वतःच बंध तोडून मूलक तयार करतात. दोन्ही ठिकाणी काम सेकंदाच्या हिशेबात होतं.

हे तंत्र पिंपरी-चिंचवडला परकं नाही. मोटारीच्या हेडलॅम्पची पारदर्शक काच ही काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. ते ओरखडू आणि पिवळं पडू नये म्हणून त्यावर कडक थर देतात आणि तो यूव्ही दिव्यांखाली पक्का होतो. हेडलॅम्पचे कारखाने चाकणला आहेत. हार्नेसच्या जोडावर चढवून गरम केली की आवळून बसणारी नळी, जिला सगळे हीट-श्रिंक स्लीव्ह म्हणतात, तिच्यातल्या पॉलिथिलीनच्या साखळ्या आधी इलेक्ट्रॉन झोताने एकमेकींना बांधलेल्या असतात. म्हणून ती वितळत नाही, मूळ आकार आठवल्यासारखी आकसते. पॉलिथिलीनवर किरणोत्साराचा हा परिणाम आर्थर चार्ल्सबी यांनी १९५२ मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेलला दाखवला आणि १९५७ मध्ये अमेरिकेत रेकेम ही कंपनी त्यावर उभी राहिली. दातांच्या डॉक्टरांकडे पांढरं फिलिंग निळ्या प्रकाशाने वीसेक सेकंदांत घट्ट होतं, तेही याच कुळातलं. कॅसेटच्या फितीतही बाइंडर इलेक्ट्रॉन झोताने पक्का करण्याचे प्रयोग १९८० च्या दशकात झाले होते.

मग बॅटरीत हे आधीच का आलं नाही? पहिलं कारण काळा रंग. कार्बन प्रकाश गिळून टाकतो. लेपाच्या वरच्या थोड्या मायक्रोमीटरपलीकडे यूव्ही पोहोचतच नाही. वर कातडी तयार होते आणि खाली ओलं राहतं. अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या मिल्टेक यूव्ही या कंपनीने तीव्र दिवे आणि योग्य रसायन वापरून काळ्या कॅथोडवरही हे साधण्याचा पिच्छा पुरवला, अमेरिकी ऊर्जा विभागाच्या मदतीने काम केलं, पेटंटं घेतली. इलेक्ट्रॉनला मात्र रंग दिसत नाही. तो किती खोल जाईल हे ठरतं त्याच्या ऊर्जेवर आणि वाटेतल्या वजनावर. २०१९ मध्ये ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी चौरस सेंटिमीटरला सुमारे २५ मिलिग्रॅम इतका जाड कॅथोड मिनिटाला सुमारे १५० मीटर वेगाने इलेक्ट्रॉन झोताखालून नेऊन पक्का केला आणि तो सेलमध्ये नीट चालला. एनएमपीचा जाड थर वाळवणारी लाइन या वेगाच्या आसपासही जात नाही.

एक हिशेब इथे मांडतो, कारण तो कुणालाही ताडून पाहता येईल. वर सांगितलेल्या जाडीचा एक चौरस मीटर कॅथोड म्हणजे २५० ग्रॅम कोरडा लेप. स्लरीत घन पदार्थ ६० टक्के धरला तर त्यासोबत सुमारे १६७ ग्रॅम एनएमपी आलं. एक किलो एनएमपीची वाफ करायला साधारण ५०० किलोज्यूल लागतात, म्हणजे नुसत्या वाफेपोटी ८३ किलोज्यूल. ते तापवणं, फॉइल तापवणं, गरम हवा फिरवणं आणि बाहेर सोडणं हे निराळं, आणि ते याच्या काही पट असतं. किरणांचा डोस ग्रेमध्ये मोजतात. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. लेपाला ५० किलोग्रे द्यायचे ठरवले तर २५० ग्रॅममध्ये साडेबारा किलोज्यूल जिरतात. यंत्राच्या खिडकीत आणि मधल्या हवेत काही ऊर्जा वाया जाते, तीही यात मिळवायला हवी. तरी दोन आकड्यांमधली दरी डोळ्यांत भरते. एवढ्यावर भुलून मात्र जाऊ नये. इतक्या पुडीसकट स्लरी प्रवाही ठेवायची तर बऱ्याचदा थोडं पाणी किंवा द्रावक घालावंच लागतं. मग ओव्हन छोटा होतो, नाहीसा होत नाही.

डोसाच्या या आकड्यांची महाराष्ट्राला चांगली ओळख आहे. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ पासून कृषक हे केंद्र आहे. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून तिथे जो डोस देतात, तो शंभर ग्रेच्याही आत असतो. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेले आंबे तिथूनच किरणित होऊन गेले. ट्रॉम्बेच्या आयसोमेडमध्ये १९७४ पासून सिरिंज आणि ड्रेसिंग निर्जंतुक होत आलं आहे, त्याचा नेहमीचा डोस २५ किलोग्रे. पॉलिथिलीनच्या साखळ्या बांधायला शंभर-दोनशे किलोग्रे लागतात. कांदा, सिरिंज आणि सेपरेटर एकाच मापाच्या पट्टीवर बसतात. कांदा आणि सिरिंज यांच्यासाठी कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरतात, आपल्या लेपासाठी त्वरकातून येणारे इलेक्ट्रॉन. त्वरकाचा खटका बंद केला की किरण संपतात, मागे काहीही किरणोत्सारी उरत नाही, आणि या ऊर्जेला लेपही किरणोत्सारी होत नाही. झोत अडताना क्ष-किरण निघतात, म्हणून यंत्राला शिसं-पोलादाचं कवच लागतं आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगीही. दोन्ही गोष्टी केबलच्या उद्योगाने वर्षानुवर्षं पाळल्या आहेत.

चाकणहून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत नवी मुंबई आहे. खारघरला भाभा अणुसंशोधन केंद्राचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे, तिथे १० एमईव्हीचा आणि ३ एमईव्हीचा असे त्वरक बांधले गेले. वाशीला विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाच्या, म्हणजे ब्रिटच्या, २ एमईव्हीच्या आयएलयू-६ यंत्रावर केबल आणि पिंपाच्या झाकणांच्या पॉलिथिलीनच्या रिंगा पक्क्या करण्याचं काम झालं. बीएआरसीने स्वतः घडवलेला ५०० केईव्हीचा त्वरकही वाशीला उभारला गेला. एमईव्ही हे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचं माप, त्याचा हजारावा भाग म्हणजे केईव्ही. यातला फरक कळणं महत्त्वाचं आहे. बॅटरीच्या लेपाला शंभर ते तीनशे केईव्ही पुरतात. १० एमईव्हीचा इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडच्या एका थरातून जवळपास काही न सोडता आरपार निघून जाईल. तेव्हा मोठं यंत्र म्हणजे चांगलं यंत्र असं इथे नाही. बॅटरीच्या लेपासाठी छोटी, कवचबंद, लाइनवरच बसणारी यंत्रंच लागतील.

आता सेपरेटर. या भागात मी सर्वांत जास्त रमलो आहे, आणि पुढेही त्याला जास्त पानं दिली आहेत, कारण माझ्या मते आपल्याकडच्या माणसांना शिरकाव इथूनच मिळू शकतो.

सेपरेटर म्हणजे दोन इलेक्ट्रोडांच्या मधला दहा ते पंचवीस मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र पापुद्रा, पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनचा. त्याच्या छिद्रांतून आयन जायला हवेत, पण इलेक्ट्रोड एकमेकांना टेकता कामा नयेत. सेल तापला तर सुमारे १३० अंशांच्या पुढे पॉलिथिलीन वितळून छिद्रं बुजतात आणि प्रवाह थांबतो. ही त्याची अंगभूत सुरक्षा. धोका त्यानंतरचा आहे. पापुद्रा बनवताना ताणलेला असतो, तापला की तो आकसतो. कडेने मागे सरकला की दोन इलेक्ट्रोड भिडतात आणि सेल पेटतो. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली, त्याच सुमारास देशात इतरत्रही तसंच घडलं. मग केंद्राने समिती नेमली आणि एआयएस-१५६ या मानकात सुधारणा होऊन सेल व पॅकच्या चाचण्या कडक झाल्या. प्रत्येक आगीचं मूळ सेपरेटरमध्ये असतं असं नाही. पण आग एका सेलमधून दुसऱ्यात जाण्याआधीची शेवटची अंतर्गत भिंत तीच असते.

किरण इथे दोन वाटांनी मदत करतात. एक वाट पापुद्र्यालाच किरणित करण्याची. पॉलिथिलीनच्या साखळ्या आडव्या बांधल्या गेल्या की ते वितळण्याच्या तापमानालाही पाण्यासारखं पसरत नाही, आकार धरून राहतं. पॉलिप्रोपिलीनचं उलट आहे. तेवढ्याच डोसाने त्याच्या साखळ्या तुटतात आणि ते ठिसूळ होतं. दोन्हींचे थर एकत्र असलेला सेपरेटर डोळे मिटून झोताखाली धरला, तर एक थर सुधारेल आणि दुसरा बिघडेल. याच वाटेवर ग्राफ्टिंगही येतं: किरणांनी पॉलिथिलीनवर मूलक तयार करायचे आणि त्यांवर ॲक्रिलिक आम्लाच्या शाखा वाढवायच्या, म्हणजे इलेक्ट्रोलाइट त्यात चटकन भिजतो. चांदी-जस्त आणि निकेल-कॅडमियमच्या अल्कधर्मी बॅटऱ्यांसाठी असे सेपरेटर लिथियम-आयनच्या कितीतरी आधीपासून बनत होते.

दुसरी वाट वरच्या लेपाची. पापुद्र्यावर ॲल्युमिनाचा दोन ते चार मायक्रोमीटरचा थर दिला की खालचं प्लास्टिक आकसायला गेलं तरी वरची सिरॅमिक चौकट त्याला धरून ठेवते. हा थर आज बहुधा पाण्यातून किंवा द्रावकातून देऊन वाळवतात. वाळवताना अडचण अशी की ज्या प्लास्टिकला उष्णतेपासून वाचवायचं, त्यालाच ओव्हनमधून न्यायचं. तापमान कमी ठेवावं लागतं, म्हणून वेग कमी. यूव्हीला ही अडचण नाही. शिवाय ॲल्युमिना पांढरा, प्रकाश गिळणारा नव्हे, त्यामुळे कॅथोडवर जे जड जातं ते इथे सोपं होतं. मिल्टेकनेही पुढे सेपरेटरच्या सिरॅमिक लेपावर जोर दिला. यूव्हीमुळे आणखी एक सोय मिळते: सगळा पृष्ठभाग न माखता लेप ठिपक्यांनी किंवा पट्ट्यांनी छापता येतो, त्यामुळे छिद्रं मोकळी राहतात. छिद्रं बुजली तर सेपरेटर कितीही सुरक्षित असो, बॅटरी कामाची राहत नाही.

या पद्धतीचं कौतुक करताना तिची उणी बाजू झाकून ठेवणं हा वाचकाशी अप्रामाणिकपणा ठरेल. पीव्हीडीएफ इतकी वर्षं टिकला तो त्याच्या हट्टी स्वभावामुळे. चार व्होल्टच्या वरही तो ऑक्सिडाइझ होत नाही. ॲक्रिलेटच्या जाळ्याला हे आपोआप जमत नाही, त्याची घडण काळजीपूर्वक निवडावी लागते. न जुळलेला छोटा रेणू, म्हणजे मोनोमर, किंवा फोटोइनिशिएटरचा अवशेष लेपात राहिला, तर तो इलेक्ट्रोलाइटमध्ये उतरतो आणि शेकडो चार्जिंगनंतर त्याचा हिशेब चुकता करतो. हवेतला ऑक्सिजन मूलकांना मारतो, म्हणून लाइनवर नायट्रोजनचं पांघरूण लागतं आणि त्याचा खर्च धरावा लागतो. आणि ॲक्रिलेट त्वचेला त्रास देतात. एकदा ॲलर्जी जडली की ती आयुष्यभर साथ सोडत नाही. एनएमपी घालवून त्याच्या जागी उघड्या हातांनी हाताळलेलं ॲक्रिलेट आणायचं असेल, तर कामगारांचं त्यात काहीच भलं नाही. हातमोजे कोणते, हवा कशी खेळवायची, सांडलं तर काय करायचं, हे यंत्र विकत घेण्याआधी ठरायला हवं.

प्रतिस्पर्धीही तगडे आहेत. द्रावक अजिबात न वापरता पूड आणि टेफ्लॉन दाबून इलेक्ट्रोडचा पत्रा लाटण्याच्या कोरड्या पद्धतीसाठी टेस्लाने २०१९ मध्ये मॅक्सवेल ही कंपनीच विकत घेतली. ॲनोडचा लेप तर बऱ्याच काळापासून पाण्यातूनच देतात. उलट पीव्हीडीएफ हा फ्लोरिनयुक्त पदार्थ असल्यामुळे युरोपात २०२३ मध्ये पुढे आलेल्या पीएफएएस-बंदीच्या प्रस्तावाने बाइंडर बदलण्याला नवी निकड आणली आहे. जाड काळ्या कॅथोडमध्ये कोण जिंकेल, हे आज कुणी छातीठोकपणे सांगू नये. सेपरेटरच्या लेपात आणि सेलच्या बाहेरच्या आवरणात मात्र किरणांचं पारडं जड आहे असं मला वाटतं. चौकोनी सेलच्या ॲल्युमिनियमच्या डब्यावर आजवर निळी चिकटफिल्म गुंडाळत. तिच्याऐवजी यूव्हीने पक्का होणारा विद्युतरोधक लेप आता वापरात येतो आहे. हे काम पॅक जुळवणाऱ्या चाकणच्या अगदी दारातलं आहे, आणि हेडलॅम्पवर यूव्हीचा थर देणाऱ्या माणसाला त्यातलं निम्मं आधीच येतं.

उरलेलं निम्मं पाषाण रस्त्यावर आहे. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरची मोठी परंपरा आहे. सी-मेटमध्ये बॅटरीच्या सामग्रीवर काम चालतं. आयसर पुण्यात सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केपीआयटी या कंपनीसोबत सोडियम-आयन बॅटरी विकसित केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती जाहीर झाली. सोडियममध्ये दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची फॉइल चालते, पण लेप, बाइंडर आणि सेपरेटरचे प्रश्न तेच राहतात. तपासणीसाठी एआरएआय आहे. पाषाण, खारघर आणि चाकण एकमेकांशी या विषयावर क्वचितच बोलतात. पुस्तक मराठीत लिहिण्यामागे हेच कारण आहे: लाइनवरच्या माणसाने प्रयोगशाळेतल्या माणसाला नेमका प्रश्न विचारावा, आणि तो विचारायला त्याला भाषेची अडचण येऊ नये.

ज्यांना वाचता वाचता हात घालून पाहायचा आहे, त्यांनी सेपरेटरपासून सुरुवात करावी. साध्या आणि सिरॅमिक-लेपित सेपरेटरचे तळहाताएवढे तुकडे कापावेत, लांबी-रुंदी लिहून ठेवावी, दोन काचपट्ट्यांमध्ये सैल धरून ओव्हनमध्ये १३० अंशांवर तासभर ठेवावेत आणि गार झाल्यावर पुन्हा मोजावेत. किती टक्के आकसला, एवढंच पाहायचं. पहिल्या प्रकरणातली सगळी चर्चा त्या टक्क्यांभोवती आहे.